'नाईट वॉच'चं वेगळं पान

आमच्या आईकडे हेव्यासाठी वेगळा शब्द नव्हता. शेजारणीच्या नव्या फ्रीजकडे आमच्यापैकी कोणी जरा जास्त वेळ पाहिलं की ती विचारायची, "पोटात दुखतंय का गं?" आणि ओव्याची बरणी पुढे करायची. मला लहानपणी इतका ओवा खायला लागला की आजही त्याचा वास आला की मी कोणावर जळत होते ते आठवायला लागतं. मैत्रिणीचे लांब केस, मामेबहिणीची सायकल, वर्गातल्या एका मुलीचं अक्षर. यादी मोठी आहे, आणि चाळिशी उलटली तरी ती बंद झालेली नाही. पण भूषणवर मी जशी जळले तशी कोणावरच जळले नाही.

भूषण माझा आतेभाऊ. दोंडाईच्याच्या अक्काचा धाकटा. अक्का म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, मोठी बहीण. भूषण बारावीला गणितात दोनदा आपटला होता. तिसऱ्या खेपेला कसाबसा सुटला, तेव्हा अक्काने त्याला कॉलेजसाठी जळगावला आमच्याकडे आणून सोडलं. बरोबर डाळीचं पोतं, शेंगदाण्यांचा डबा आणि मुलाबद्दल एक वाक्य: "भाऊ, मना आंडोर वाईट नही शे, फक्त त्यानं ध्यान कोठेच लागत नही." भूषण मागे उभा राहून हसत होता, आपल्याबद्दल नव्हे तर तिसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललंय असा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, उंच, सदा भुकेला. आईने त्याला पहिल्याच जेवणात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पाच भाकरी वाढल्या आणि सहाव्या भाकरीला "मामी, तुमच्या हातचा ठेचा आईपेक्षा भारी शे," असं म्हणून त्याने तिला कायमचं खिशात टाकलं. आमच्याकडे आल्यावर त्याची अहिराणी आणि शाळेतली मराठी एकमेकांत मिसळून गेली होती, आणि ते मिश्रण आईला फार गोड वाटायचं. मी तेच बोलले असते तर "नीट बोल" म्हणाली असती.

आमचं घर पिंप्राळ्यात. कॉलनीतलं, तीन खोल्यांचं, वर गच्ची आणि स्वयंपाकघराच्या डोक्यावर माळा. सकाळी साडेसातपासून गल्लीत स्कूटरना किका मारल्याचे आवाज, मग रिक्षावाल्याची शाळेच्या पोरांना हाक, मग कुकर. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर. त्यावर आईने विणलेला रुमाल असे, आणि तो काढायचा मान फक्त माझा. कारण मी ज्ञानकोशात लिहीत असे. इंटरनेटवर मराठीत एक मोकळा ज्ञानकोश आहे, कोणीही त्यात लिहावं, कोणीही दुरुस्त करावं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला त्याचा नाद लागला. 'तापीकाठ' या नावाने मी शिंदखेडा तालुक्यातली गावं लिहिली, पांझरा नदी लिहिली, ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे लिहिले, भरीत लिहिलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत तीनशेच्या वर पानं झाली होती.

हे सगळं मी कोणासाठी करत होते ते सांगायला हवं. नाना एका सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेलं जपलं, पुठ्ठे चिकटवले, शिक्के मारले. घरातल्या घरात कोणीतरी लिहितं याचं त्यांना केवढं अप्रूप! संध्याकाळी घरी आले की पाय धुऊन, चहा घेऊन ते कॉम्प्युटरसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि मी त्या दिवशी लिहिलेलं पान मोठ्याने वाचत. स्वयंपाकघरातून आई "जरा मोठ्याने" म्हणे. वाचून झालं की नाना म्हणत, "बरं झालंय." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. आणि ते दोन शब्द घरात दुसऱ्या कोणाला मिळत नव्हते. माझा धाकटा भाऊ असता तर मी काय केलं असतं देव जाणे. मी एकुलती एक होते आणि तशीच बरी होते.

भूषणचं ध्यान कशात लागतं ते महिनाभरात कळलं. कॉलेज सुटलं की तो चौकातल्या सायबर कॅफेत. तिथे चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडून पोरं 'स्टील हार्बर' नावाचा एक खेळ खेळायची. खेळात एका सैनिकाची लांबलचक कथा होती म्हणे, पण ती त्या कॅफेत कोणीच खेळत नसे. सगळे खेळायचे ते त्यातला चौघांनी मिळून खेळायचा एक प्रकार, 'नाईट वॉच'. पोरं त्याला 'पहारा' म्हणत. मी नानांकडे तक्रार केली. नाना मला म्हणाले, "त्याला रागावून काय होणार? तुझ्या ज्ञानकोशात लावून दे. लिहिता लिहिता वाचेल." म्हणजे पायावर धोंडा मारून घ्यायचा सल्ला नानांचा, पण धोंडा मी स्वतःच्या हातांनी उचलला. मी त्याला त्याच्याच नावाने खातं उघडून दिलं. मथळा कसा द्यायचा, संदर्भ कसा जोडायचा, चर्चेच्या पानावर सही कशी करायची, सगळं शिकवलं. मनात खात्री होती की दोन दिवसांत कंटाळेल.

तो कंटाळला नाही. पंधरा दिवस कॉम्प्युटरवरचा रुमाल तो काढत होता, आणि एका संध्याकाळी म्हणाला, "मामा, आज मनं वाचा." पानाचं नाव होतं 'नाईट वॉच'. नानांनी चष्मा वर चढवला. सुरुवातीला ते नेहमीच्या आवाजात वाचत होते. मग आवाज बदलला. चौघांनी बंदराची चार दारं राखायची. एखादा पडला तर दुसऱ्याने आपलं दार सोडून त्याला उचलायला जायचं. गेलं तर दार उघडं पडतं, न गेलं तर माणूस जातो. आणि जावं की न जावं हे ठरवायला मोजून दहा सेकंद. एवढंच, पण असं लिहिलं होतं की नाना मध्येच थांबले आणि विचारलं, "मग तुम्ही जाता का रे?" भूषण म्हणाला, "पहिलं पहिलं कोणीच नही जात मामा. मग सगळे हारतात. मग जायला लागतात." आई हातातली पळी तशीच घेऊन दारात उभी होती. नाना "बरं झालंय" म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पुन्हा वाचू का?" आणि पुन्हा वाचलं.

तीनशे पानांत माझं एकही पान त्यांनी दोनदा वाचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात वाचनालयातले दोघे घरी आले तेव्हा त्यांनाही ते वाचून दाखवलं गेलं. ज्ञानकोशावरचे एक जुने जाणते, 'पाणपोई' या नावाने लिहिणारे, कोण कुठले ते आम्हाला कधी कळलं नाही, त्यांनी भूषणच्या नावाच्या सदस्य-पानावर एक गौरवचिन्ह डकवलं. खेळांवर इतकं नीट मराठी आपण वाचलं नव्हतं, अशी खाली ओळ. मला तीन वर्षांत असलं चिन्ह मिळालं नव्हतं. अक्काचा फोन आला तर ओरडूनच बोलत होती, "भाऊ, मना भूषणनं नाव कॉम्प्युटरना पोथीमा उनं ना! बठ्ठा गावले सांगी दिधं मी." दोंडाईच्याला स्टेशनजवळच्या एका दुकानात तिने ते पान स्वतः उघडायला लावून पाहिलं होतं. तिला वाचता येत होतं ते जेमतेम, पण मुलाचं नाव ओळखता येत होतं. गणितात दोनदा नापास झालेल्या पोराची आई चारचौघांत मान वर करून चालत होती. हे सगळं मला कळत होतं. कळूनही पोटात दुखत होतं. असं दुखायचं की भाकरी गिळवत नसे.

मी नियमांची पानं उघडली. ज्ञानकोशाचा एक नियम आहे: ज्या विषयावर इतरांनी, स्वतंत्रपणे, कुठेतरी सविस्तर लिहिलेलं आहे त्यालाच वेगळं पान. याला तिथे उल्लेखनीयता म्हणतात. भूषणच्या पानाला दोन संदर्भ होते आणि दोन्ही खेळ बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळाचे. मी पानाच्या डोक्यावर लाल पट्टी लावली आणि चर्चा उघडली: "हा एका खेळाचा केवळ एक प्रकार आहे. त्याला स्वतंत्र उल्लेखनीयता नाही. मूळ खेळाच्या लेखात विलीन करावा. तापीकाठ." मुदत सात दिवस. नियमात एक अक्षर चुकीचं नव्हतं. मत्सराला नियम सापडला की तो किती नेटका दिसायला लागतो, हे मी पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर इतरांच्या बाबतीतही पुष्कळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना भूषणने विचारलं, "ताई, ती लाल पट्टी तू लावली शे का?"

"हो. नियम आहे."

"पण पान चुकीचं शे का?"

"चुकीचं नाही. वेगळं असायची गरज नाही. खेळाचं पान आहे ना? त्यात चार ओळी टाक."

नाना पेपर खाली ठेवून ऐकत होते. आईला नियम-बियम कळत नव्हते, पण वाद कळत होता. ती म्हणाली, "म्हणजे कसं, भरीताचं पान आहे, तर भरीत पार्टीचं वेगळं कशाला, असंच ना?"

"मामी, भरीत घरात एकटा माणूसही खातो," भूषण म्हणाला. "पार्टीला शेतात जायला लागतं. कापसाच्या पऱ्हाट्या पेटवायला लागतात. वांगं एकाने भाजायचं, दुसऱ्याने ठेचायचं, पुऱ्या तिसऱ्याने. एकट्याला करताच येत नही. मग ते वेगळंच झालं ना?"

नाना हसले. "मुद्दा आहे," म्हणाले.

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले. कारण भरीत पार्टीचं वेगळं पान ज्ञानकोशात होतंच. ते मीच लिहिलं होतं. त्याला संदर्भ एकही नव्हता, लहानपणी खाल्लेल्या पार्ट्यांच्या आठवणीवर सगळं लिहिलेलं. भूषणला ते माहीत होतं, कारण संदर्भ कसे जोडायचे हे शिकवताना 'असं पान ठेवू नये' म्हणून मीच त्याला ते दाखवलं होतं. मी सातही दिवस वाट पाहत होते की हा चर्चेत ते पान माझ्या तोंडावर मारील. त्याने एका शब्दाने त्याचा उल्लेख केला नाही. त्याच्या या मोठेपणाचाही मला राग आला.

चर्चेत पाचसहा जण आले. दोघे म्हणाले ठेवा, दोघे म्हणाले विलीन करा. एकाने विचारलं की उद्या बुद्धिबळाच्या प्रत्येक डावाला पान देणार का. त्यावर दुसऱ्याने विचारलं की मूळ कथा कोणी खेळतच नसेल आणि हा प्रकार सगळे खेळत असतील तर विलीन कशात काय करायचं. शेवटी 'पाणपोई' आले. "लेख उत्तम आहे," त्यांनी लिहिलं, "पण उत्तम असणे हा निकष नाही. या प्रकारावर कोणी स्वतंत्रपणे लिहिलेला एक जरी भक्कम संदर्भ दाखवला तर मी ठेवा म्हणेन."

भूषणला आठवलं की संगणकाविषयीच्या एका छापील मराठी मासिकात 'नाईट वॉच'वर दोन पानांचा लेख आला होता. कॅफेत कोणीतरी दाखवला होता, अंक कोणता ते आठवत नव्हतं. तो जळगावातली रद्दीची दुकानं धुंडाळून आला, शुक्रवारी एस.टी.ने धुळ्याला गेला. त्याच सकाळी कामावर निघताना नानांना आठवलं. मला म्हणाले, "अगं, ते मासिक आपल्याकडे येत होतं. वाचनालयातून बाद झालेले गठ्ठे माळ्यावर आहेत. संध्याकाळी काढू."

मी संध्याकाळची वाट पाहिली नाही. आई गच्चीवर बिबडे घालत होती. ज्वारीच्या गरम घाट्याचा वास जिन्यातून खाली येत होता आणि ओलं फडकं आपटल्याचा आवाज डोक्यावर येत होता. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले. स्वतःला सांगत होते की भूषणला मदत करतेय. दुसऱ्या गठ्ठ्यात अंक सापडला. लेख खराच होता. दोन पानं, चित्रांसह, लिहिणारा कोणी स्वतंत्र माणूस, आणि मूळ खेळापेक्षा हा प्रकारच कसा वेगळा नि मोठा आहे हेच त्यात सांगितलेलं. 'पाणपोईं'नी मागितला होता तसाच. मी धुळीत बसून तो संपूर्ण वाचला. मग तो बाहेर काढला, गठ्ठा पुन्हा सुतळीने बांधला आणि अंक माझ्या कपाटात स्वेटरखाली ठेवला. तो आजही माझ्याकडे आहे, मी आता राहते त्या धुळ्याच्या घरी. 'नाईट वॉच' असं ज्ञानकोशात शोधलं की आजही मूळ खेळाच्या पानावर जायला होतं. अर्ध्या तासात मी ते वेगळं पान परत उभं करू शकते. आज करीन, उद्या करीन म्हणत इतकी वर्षं गेली, आणि केलं नाही यामागे नुसता आळस आहे असं मी कोणाला सांगणार नाही.

भूषण रिकाम्या हातांनी परतला. संध्याकाळी नानांनी आणि त्याने गठ्ठे खाली काढले. इथे माझा मूर्खपणा कळेल. अख्खा गठ्ठा लपवला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. पण नानांनी बांधलेला गठ्ठा म्हणजे वर्षाचे बारा अंक, महिन्यांच्या क्रमाने, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर 'अंक बारा, पूर्ण' आणि खाली त्यांची सही. भूषण एकेक अंक उलटत होता, नाना शेजारी बसून सवयीने मोजत होते. दुसऱ्या गठ्ठ्याला ते थांबले. पुन्हा मोजले. अकरा. मग त्यांनी बाजूला पडलेली सुतळी उचलली. नाना सुतळीला एक दुहेरी सरकती गाठ मारत, ती ओढली की सुटायची. ही गाठ नखांनी सोडवावी लागली होती. त्यांनी ती सुतळी बोटांभोवती गुंडाळली आणि खिशात ठेवली.

"मामा, एप्रिलचा नही शे," भूषण म्हणाला.

"हं," नाना म्हणाले. "रविवारपर्यंत मुदत आहे ना? बघू. घरातच असेल कुठेतरी. सापडेल." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

ते दोन दिवस त्यांनी मला दिले होते. हे मला तेव्हाच समजलं होतं, नंतर शहाणपण येऊन नव्हे. शनिवारी ते वाचनालयातून लवकर आले. मी स्वयंपाकघरात होते तर पाणी प्यायला म्हणून आत आले, पेला धुतला, पुसला, उगाच उभे राहिले. मी कणीक मळत राहिले. मला फक्त हात धुऊन कपाटापर्यंत जायचं होतं. पण अंक बाहेर काढला तर पान राहणार, आणि पान राहिलं तर ते पुन्हा वाचलं जाणार, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, अक्का आली की अक्काला. मी कणीक इतकी मळली की आई म्हणाली, "पुरे गं, दगड करतेस का तिचा?"

पुढचं आधी सांगून टाकते. भूषणने नंतर ज्ञानकोशात एक ओळ लिहिली नाही. वर्ष संपल्यावर तो होस्टेलवर गेला. आता शिंदखेड्याला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, दिवाळीला येतो, ताई ताई करतो. अक्काने दोंडाईच्याला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. आणि नानांनी त्यानंतर माझंही पान मोठ्याने वाचलं नाही. मी लिहिलंय म्हटलं की म्हणायचे, "ठेव, वाचतो नंतर." नंतर वाचतही असतील. मला ऐकू आलं नाही. ज्या खुर्चीसाठी मी एवढं केलं ती रिकामीच राहिली.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारच्या संध्याकाळचं. चार वाजता चर्चा बंद झाली. 'पाणपोईं'नी लिहिलं, संदर्भाअभावी विलीन, लेखकाने निराश होऊ नये. भूषणने खाली 'मान्य' लिहिलं आणि मी शिकवली होती तशी सही केली. मग तो खुर्चीतच बसून राहिला. आतापर्यंत त्याला न हसताना मी पाहिलंच नव्हतं. हळूच म्हणाला, "आईले काय सांगू?" कोणाला विचारलं कुणास ठाऊक.

नाना उठून त्याच्यामागे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चूक माझी आहे भूषण," ते म्हणाले. "तो अंक मीच कोणाला तरी वाचायला दिला असणार आणि लिहून ठेवायचं विसरलो. माझ्या हलगर्जीपणामुळे तुझं पान गेलं. अक्काला मी सांगतो फोन करून, माझ्यामुळे गेलं म्हणून."

ज्या माणसाने स्वतःच्या बायकोला पाककृतीचं पुस्तकसुद्धा वहीत सही घेतल्याशिवाय दिलं नव्हतं, तो हे म्हणत होता. आई चकित होऊन त्यांच्याकडे बघायला लागली. भूषण म्हणाला, "जाऊ द्या ना मामा, एक पानच व्हतं ते," आणि त्याचे डोळे भरून आले.

नाना माझ्यासाठी खोटं बोलत होते. मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, पुष्कळ वाटली, अजून वाटते. पण त्या घटकेला मला दिसत होता फक्त भूषणच्या पाठीवरचा नानांचा हात, आणि तो त्यांनी आता उचलावा, एवढंच मला वाटत होतं.